गांधारीचे घडे आणि चँगचा ससा

आमच्या शाळेत दर वर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो. सरस्वतीच्या तसबिरीला हार, रामन यांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि मग व्याख्यान. या वर्षीचे पाहुणे चांगले शिकलेले होते. नावाच्या आधी डॉक्टर आणि नावाच्या नंतर दोन-तीन पदव्या. तासभर ते ओघवते बोलले, आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "इंग्रजांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली ती १९७८ साली. आमच्या व्यासांनी ती पाच हजार वर्षांपूर्वी जन्माला घातली. आणि एक नव्हे, एकशे एक! गांधारीचे घडे म्हणजे दुसरे काय होते?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझेही दोन हात होते, हे आधीच कबूल करून टाकतो.

टाळ्या ओसरल्यावर दहावीतली एक मुलगी उभी राहिली. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुनरुत्पादनाचा एक धडा आहे. बहुतेक शाळांत तो 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला जातो. या मुलीने तो खरोखरच घरी वाचला होता. ती म्हणाली, "सर, त्या घड्यांत तूप घातलं होतं. पण अंडपेशी आणि शुक्रपेशी एकत्र कुठं केल्या होत्या?"

पाहुणे हसले. "बाळ, काही गोष्टी श्रद्धेने समजून घ्यायच्या असतात," म्हणाले. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. मुलगी खाली बसली. मी व्यासपीठापासून चार हातांवर, पाण्याच्या तांब्यापाशी उभा होतो. मी काही बोललो नाही.

हे पाहुणे म्हणजे एखादा विक्षिप्त माणूस असता तर मी हा विषय दिवाळी अंकापर्यंत आणला नसता. पण २०१९ सालच्या जानेवारीत जालंधरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. त्याच मांडवात एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरवांचा जन्म हे याच विद्येचे फळ असल्याचे सांगितले. जे कुलगुरू बोलतात ते पाहुणे बोलणार, आणि जे पाहुणे बोलतात ते उद्या पोरे उत्तरपत्रिकेत लिहिणार. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणे कोणाला तरी भाग आहे. त्या दिवशी मी ते दिले नाही; आज देतो.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार काही नाही. दहावीच्या पुढे माझ्या नावाला काही चिकटले नाही. मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे जे घडले नाही ते घडल्यासारखे सांगणे हा माझा जोडधंदा आहे. कल्पना कशाला म्हणतात आणि पुरावा कशाला म्हणतात, यांतला फरक इतर कोणाला नाही तरी माझ्यासारख्याला कळायला हवा.

प्रथम गांधारीचेच पाहू. आदिपर्वातली कथा सर्वांना ठाऊक आहे. गांधारीला दिवस राहिले. दोन वर्षे झाली तरी ती मोकळी होईना. इकडे कुंतीला पुत्र झाल्याची वार्ता आली. तेव्हा दुःखाने आणि मत्सराने तिने आपल्या पोटावर आघात करून घेतला आणि लोखंडाच्या गोळ्यासारखा कठीण मांसपिंड बाहेर पडला. व्यास आले. त्यांनी त्यावर थंड पाणी शिंपडवले, त्याचे अंगठ्याएवढे एकशे एक भाग झाले आणि ते तुपाने भरलेल्या भांड्यांत ठेवण्यात आले. त्यांतून शंभर पुत्र आणि एक दुःशला जन्मली.

आता 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणजे काय ते पाहा. स्त्रीच्या शरीरातून अंडपेशी बाहेर काढतात. काचेच्या एका पसरट बशीत तिचा शुक्राणूंशी संयोग घडवतात. गर्भ दोन-चार दिवसांचा झाला की तो गर्भाशयात ठेवतात, आणि पुढचे नऊ महिने मूल आईच्याच पोटात वाढते. संयोग बाहेर, वाढ आत. गांधारीच्या कथेत संयोग आत झालेला आहे आणि वाढ बाहेर होते आहे. म्हणजे कथेतला शब्द न् शब्द खरा धरला तरी टेस्ट ट्यूबमध्ये जे व्हायचे असते नेमके तेवढेच तिथे झालेले नाही! पाहुण्यांना ना महाभारत नीट ठाऊक होते, ना टेस्ट ट्यूब बेबी. दहावीतल्या मुलीला दोन्ही ठाऊक होते, म्हणून तिला खाली बसवावे लागले.

आणि यात व्यासांचा गौरव कसला? एका आईने जावेच्या मत्सरापायी स्वतःच्या गर्भावर प्रहार केला आणि त्या प्रहारातून कुरुकुळाचा नाश जन्माला आला, ही जगातल्या कोणत्याही लेखकाने हेवा करावा अशी कल्पना आहे. ती लिहिणाऱ्याला प्रयोगशाळेतला मदतनीस ठरवून आपण त्याला वर चढवतो की खाली ओढतो? मी लिहिणारा माणूस आहे. माझ्या कादंबरीतला विमान-अपघात कोणी हवाई खात्याचा अहवाल म्हणून वाचू लागला, तर मला आनंद होणार नाही.

असो. पुराणाचे एवढे पुरे. खरी गोष्ट कोणी केली आणि कशी केली, ते सांगायचे आहे. ती गोष्ट एका चिनी माणसाची आणि त्याच्या सशांची आहे.

मिन च्युए चँग याचा जन्म १९०८ सालचा, उत्तर चीनमधल्या शांशी प्रांतातला. पेकिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातून त्याने १९३३ साली प्राण्यांच्या मानसशास्त्रात पदवी घेतली. १९३८ साली, देशावर जपानी आक्रमण चालू असताना, तो शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन परदेशी गेला. आधी एडिंबरोला आणि तिथून केंब्रिजला. केंब्रिजला त्याने जनावरांच्या वीर्यावर काम केले आणि १९४१ साली डॉक्टरेट मिळवली. महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ साली, तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या श्रूझबरी गावी गेला. वर्षभरासाठी म्हणून गेला आणि जन्मभर तिथेच राहिला.

श्रूझबरीला वूस्टर फाउंडेशन नावाची संशोधनसंस्था आदल्याच वर्षी निघाली होती. संस्था म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जे संगमरवरी चित्र येते तसे काही नव्हते. पैशांची चणचण इतकी, की केंब्रिजचा हा डॉक्टर रात्री तिथला पहारेकरी म्हणूनही काम करी. दिवसा सशांची अंडी तपासायची आणि रात्री इमारत राखायची. आपल्याकडे असा माणूस असता तर आपण त्याला आधी कोणते पद दिले असते, पहारेकऱ्याचे की संशोधकाचे, आणि एकदा पहारेकरी केल्यावर पुन्हा संशोधक होऊ दिले असते काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

संस्थेचे एक संस्थापक ग्रेगरी पिंकस. हा मोठा धडाडीचा माणूस. सस्तन प्राण्यांचे अंडे डोळ्यांना जेमतेम दिसते न दिसते एवढे, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ते पहिल्यांदा पाहिले फॉन बेअर यांनी, १८२७ साली, कुत्रीच्या शरीरात. त्यानंतर १८७८ साली व्हिएन्नाच्या शेंक यांनी शरीराबाहेर त्याचे फलन करण्याचा प्रयत्न केला. १९३४ साली पिंकस यांनी हार्वर्डमधून जाहीर केले, की सशाच्या अंड्यांचे काचेच्या भांड्यात फलन होऊन त्यांपासून पिल्ले जन्मली. वर्तमानपत्रांनी गहजब केला. माणसे बाटलीत बनवणारा राक्षस म्हणून पिंकस यांचे चित्र रंगवले गेले. पुढे हार्वर्डने त्यांना कायम केले नाही, आणि स्वतःची संस्था काढण्याची पाळी त्यांच्यावर आली, त्यात या गहजबाचाही वाटा होता.

अशा माणसाच्या हाताखाली चँग कामाला लागला. मालकाचा दावा खरा होता की नव्हता, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या नोकराने विचारू नये असाच होता. चँगने मालकाला आव्हान द्यायचे ठरवले होते असे नव्हे. तो आपल्या अंड्यांशी प्रामाणिक राहिला, आणि तो प्रामाणिकपणाच मालकाच्या दाव्यापर्यंत जाऊन पोचला.

सशाची मादी समागमानंतर सुमारे दहा तासांनी अंडी सोडते. चँगने शुक्राणू थेट मादीच्या बीजवाहिनीत सोडून पाहिले. अंडी सुटण्याच्या काही तास आधी सोडले, तर फलन होई. अंडी सुटल्यावर सोडले, तर होत नसे. शुक्राणू तेच, अंडी तीच, जागा तीच. मग फरक कशाचा? फरक वेळेचा होता. नराच्या शरीरातून आलेला शुक्राणू वळवळतो, पळतो, पण अंड्यात शिरण्याची पात्रता त्याच्या अंगी अजून आलेली नसते. मादीच्या शरीरात काही तास, सशाच्या बाबतीत सुमारे सहा तास, राहिल्यावरच ती येते. १९५१ साली चँगने हे प्रसिद्ध केले. त्याच साली ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले. पुढे या घटनेला त्यांनी 'कपॅसिटेशन' असे नाव दिले. आपण तिला पात्रता येणे म्हणू.

यातून निघणारा निष्कर्ष पाहा. १८७८ पासून सत्तर-पाऊणशे वर्षे ज्यांनी ज्यांनी नराचे ताजे वीर्य काचेत अंड्यांवर टाकून 'फलन झाले' असा डांगोरा पिटला होता, त्या सर्वांचे दावे एका क्षणात संशयास्पद ठरले. अंडी दुभंगलेली दिसली म्हणून काय झाले? थंडीच्या नुसत्या धक्क्यानेही सशाचे अंडे आपले आपण दुभंगते. कुजणारे अंडेही फुटून दुभंगल्यासारखे दिसते. आणि पिल्ले जन्मली म्हणून तरी काय झाले? अंड्यांबरोबर शुक्राणूही मादीच्या पोटात गेले असतील आणि फलन काचेत न होता तिथे झाले असेल. पिंकस यांच्या १९३४ च्या दाव्यावरही हेच प्रश्नचिन्ह उभे राहिले, आणि ते उभे राहिले त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच पगारावरच्या माणसाच्या कामातून.

मग पिंकस यांनी काय केले? चँगला खाली बसवले काय? दुसऱ्या खात्यात टाकले काय? 'संस्थेची बदनामी' म्हणून कागद काढला काय? काहीही केले नाही. चँग तिथेच राहिला. पिंकस १९६७ साली वारले, तोपर्यंत दोघे बरोबर काम करत होते. मला या हकिकतीत चँगइतकाच पिंकसही मोठा वाटतो. पुरावा मागणारे लोक कोणत्याही समाजात थोडेफार निघतातच. आपला पुरावा अपुरा ठरला तरी तो अपुरा ठरवणाऱ्याला शेजारच्या खोलीत राहू देणारे लोक फार दुर्मिळ असतात. विज्ञानाला दोघेही लागतात. आपल्याकडे पहिले थोडे आहेत आणि दुसरे जवळजवळ नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

चँग नुसती शंका काढून थांबला नाही. शंका काढणे सोपे असते. त्याने आठ वर्षे खपून स्वतः ते करून दाखवले, आणि तेही कोणालाही शंका घ्यायला जागा राहणार नाही अशा रीतीने. त्याने आधी मादीच्या शरीरात राहून पात्र झालेले शुक्राणू घेतले. काचेच्या भांड्यात त्यांचा अंड्यांशी संयोग केला. फलन झालेली अंडी वाढू दिली आणि मग ती दुसऱ्याच मादीच्या पोटात ठेवली. अंडी आणि शुक्राणू काळ्या सशांचे, मादी पांढरी. दिवस भरले आणि पांढऱ्या मादीच्या पोटी काळी पिल्ले जन्मली. रंगावरून वंश ओळखण्याची ही युक्ती त्याची एकट्याची नव्हे. १८९० साली केंब्रिजच्या हीप यांनी अंगोरा जातीच्या सशांचे गर्भ दुसऱ्या जातीच्या मादीत वाढवून तशीच खात्री करून घेतली होती. पण चँगने ती जिथे खरी गरज होती तिथे लावली. १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचा लेख आला आणि सत्तर-ऐंशी वर्षांचा वाद मिटला.

पांढऱ्या आईच्या कुशीत काळी पिल्ले! याला म्हणतात पुरावा. त्याला टाळ्या लागत नाहीत, व्यासपीठ लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही. शाळेतले मूलसुद्धा पिंजऱ्यात डोकावून सांगू शकते, की ही पिल्ले हिची नव्हेत.

पुढे १९६३ साली जपानहून आलेले यानागिमाची आणि चँग यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बाबतीत आणखी एक पाऊल टाकले. मादीच्या शरीरात न ठेवताही, काचेतच, शुक्राणूंना पात्र करता येते असे त्यांनी दाखवले. हे झाले म्हणूनच माणसाचा विचार करणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये एडवर्ड्स, स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांनी तो मार्ग शेवटास नेला, आणि २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमच्या इस्पितळात लुईस ब्राउन जन्मली. २०१० साली एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाच्या प्रसिद्धिपत्रकात सशांच्या प्रयोगाचा उल्लेख आहे. तो 'इतर शास्त्रज्ञांनी' केला एवढेच तिथे म्हटले आहे. त्या 'इतरां'त चँग येतो. तो १९९१ सालीच वारला होता.

याच माणसाचे दुसरे काम तर त्याहून अधिक घरांत पोचले आहे. १९५१ साली संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांनी पिंकस यांना गोळीचा ध्यास लावला. त्यानंतर एकामागून एक रसायन सशांना देऊन, कोणत्या रसायनाने अंडे सुटणे थांबते हे तपासण्याचे काम चँगने केले. त्या चाळणीतून जी द्रव्ये उरली त्यांतल्या एकापासून अमेरिकेत १९६० साली मंजूर झालेली पहिली गर्भनिरोधक गोळी निघाली. माणसांवरच्या चाचण्या पोर्तो रिको बेटावर ज्या रीतीने झाल्या, बायकांना पुरती कल्पना न देता झाल्या, त्यावर पुढे टीका झाली आणि ती योग्यच होती. ती मी झाकून ठेवत नाही. पण मूल नको असलेल्या स्त्रीला आणि मूल हवे असूनही न होणाऱ्या स्त्रीला, दोघींनाही ज्याच्या सशांचे ऋण मानावे लागेल असा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. आपल्या घराघरांत वांझ म्हणून जिला बोल लावला जातो आणि पाचवे बाळंतपण म्हणून जी झिजते, त्या दोघींचा विचार करून हे वाक्य पुन्हा वाचावे.

इथे एका मराठी माणसाची आठवण येणे अपरिहार्य आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. चँग तेव्हा तेरा वर्षांचा पोर होता. कर्व्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि १९५३ साली ते वारले तेव्हा हा महाराष्ट्र त्यांना शिव्या देऊन थकला होता. आज आपण त्यांच्यावर नाटके लिहितो. माणूस मेल्यावर नाटक लिहिणे सोपे असते.

कोणी म्हणेल, कर्व्यांचा काळ निराळा होता. स्वातंत्र्यानंतर आपण सुधारलो. तर मग कलकत्त्याची गोष्ट ऐका.

लुईस ब्राउन जन्मल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. ती काचेत फलन झालेल्या अंड्यापासून जन्मल्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी सांगितले. दोन सहकारी आणि तुटपुंजी साधने एवढ्यावर त्यांनी ते केले होते. संप्रेरके देऊन अधिक अंडी मिळवायची, गर्भ गोठवून ठेवायचा आणि योग्य वेळी गर्भाशयात सोडायचा, या ज्या रीती त्यांनी वापरल्या त्या पुढे जगभर रूढ झाल्या. मग काय झाले? सरकारने समिती नेमली. या विषयावर काम केलेले कोणी तिच्यात नव्हते, असे नंतर अनेकांनी लिहिले आहे. समितीने दावा खोटा ठरवला. १९७९ साली जपानहून बोलावणे आले, तर जायला परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली झाली, कुठे, तर डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

समितीने पुरावा मागितला, तिचे काय चुकले, असे कोणी विचारील. पुरावा मागण्यात काहीच चूक नाही. हा सारा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. पण पुरावा मागणे निराळे आणि माणसाला उठवून लावणे निराळे. चँगने जुने दावे संशयित ठरवले ते स्वतः आठ वर्षे प्रयोग करून. मुखर्जींचा दावा खोटा ठरवणाऱ्यांनी एकही प्रयोग केला नाही. ज्याला शंका आहे त्याने म्हणावे, 'पुन्हा करून दाखवा, जागा देतो, साधने देतो.' शंका आहे आणि जागाही काढून घेतो, असे म्हणणाऱ्याला सत्याशी कर्तव्य नसते. त्याला फक्त हुकूम चालवायचा असतो.

आणि आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गांधारीच्या घड्यांना पुरावा नाही, तरी त्यांना टाळ्या. मुखर्जींच्या घरात जिवंत कागद होते आणि गावात जिवंत मुलगी होती, तरी त्यांना नेत्रविभाग. आपल्याला विज्ञानाचा अभिमान आहे म्हणतात, तो कसला? जो मेला आहे, ज्याला पगार द्यावा लागत नाही, ज्याचे ऐकून आपले मत बदलावे लागत नाही, त्याचाच ना? पाच हजार वर्षांपूर्वीचा शास्त्रज्ञ फार सोयीचा असतो. तो प्रश्न विचारत नाही, परवानगी मागत नाही, आणि वरिष्ठांच्या चुका काढत नाही.

या काळोखात एक दिवा मुंबईत लागला, तोही सांगितला पाहिजे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात हर्षा नावाची मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजननविषयक संशोधनसंस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामाचे ते फळ. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. हे श्रेय आनंद कुमार यांच्या पदरात पडलेले होते. ते कोणी मागायला येणार नव्हते, कारण मागणारा मरून गेला होता. तरी १९९७ साली त्यांनी मुखर्जींचे कागद मिळवले, स्वतः तपासले, आणि लेख लिहून जाहीर केले, की हा मान आमचा नव्हे, त्यांचा. काळी पिल्ले आपल्या पिंजऱ्यात आहेत, पण ती आपली नव्हेत, असे हा माणूस उठून म्हणाला. असे एक उदाहरण आपल्या मुलांना विज्ञान दिनी सांगितले, तर ते शंभर घड्यांपेक्षा जड होईल. आमच्या पाहुण्यांनी ते सांगितले नाही. त्यांना ते ठाऊकही नसावे.

स्वदेशाभिमानाच्या नावाने मला कोणी बोल लावील हे मी जाणून आहे. एका चिन्याचे आणि अमेरिकनाचे गोडवे गातोस, असे म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो, की ज्याला आपल्या देशाचा अभिमान आहे त्याने सुभाष मुखर्जी आणि आनंद कुमार यांची नावे पाठ करावीत. ही माणसे या देशातली आहेत, त्यांनी केलेले काम कागदावर आहे, आणि त्याचा पुरावा हाडामांसाच्या मुलींच्या रूपाने चालतो-बोलतो आहे. घड्यांचा अभिमान बाळगायचा आणि माणसांना विसरायचे, हा देशाभिमान नव्हे. हा आळस आहे.

विज्ञान दिनाच्या दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गावर माझा तास होता. धडा बाजूला ठेवून मी त्या मुलीला उभे केले आणि वर्गासमोर तिची माफी मागितली. तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तिथे असून बोललो नाही, असे सांगितले. मग फळ्यावर एक पांढरा ससा आणि तीन काळी पिल्ले काढली. चित्रकला माझा विषय नव्हे, पोरे हसली. पण तास संपला तेव्हा ती पिल्ले कोणाची आणि कशावरून, हे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही सांगता येत होते.

पाहुणे पुढच्या वर्षीही येतील. हे नाही तर दुसरे. त्यांना हार मीच आणणार आहे, ते काम माझ्याकडेच असते. मात्र या खेपेला भाषणानंतर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, असा लेखी अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.